‘मोअर स्पेशल्स’ लिफ्टमधल्या संगीतासारखा का वाटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत एमएस्सी करताय, गिटार वाजवता, आणि तिथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून ‘द स्पेशल्स’ या तिथल्याच बँडचे पहिले दोन्ही अल्बम घेतलेत. पहिला इतका आवडला की त्यातली निम्मी गाणी हातात बसली. दुसरा, म्हणजे ‘मोअर स्पेशल्स’, तीनदा लावलात आणि तिन्ही वेळा दुसऱ्या बाजूला आल्यावर ‘हे तर हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं तसलं काहीतरी’ म्हणून बंद केलात. तुमचे घरमालक मात्र म्हणतात की हाच त्यांचा खरा अल्बम. मग बँड भरकटला होता, की तुमचा कान कमी पडतोय? आणि तुमच्या स्वतःच्या बँडनेही दुसऱ्या खेपेला असं काही करावं का?

आधी धीर देते. तुमचा कान चांगला आहे. तुम्हाला लिफ्टमधलं संगीत ऐकू आलं, कारण ते तिथे आहे, आणि मुद्दाम आणून ठेवलेलं आहे. अडचण त्याच्या पुढची आहे. पहिल्या अल्बमने तुम्हाला शिकवलं की स्का (जमैकातलं नाचाचं संगीत) म्हणजे एक ठरावीक ठेका, आणि आता तुम्ही दुसऱ्या अल्बममध्ये तोच ठेका शोधताय. तो मिळाला नाही की वाटतं, यांनी स्का सोडला. माझं म्हणणं उलटं आहे. ठेका सैल झाला, पण जमैकातले वादक ज्या रीतीने काम करायचे ती रीत या दुसऱ्या अल्बममध्ये जास्त खरेपणाने आली आहे.

मी कुठून बोलतेय तेही सांगते. अठ्ठावीस वर्षं की-बोर्ड वाजवतेय. सुरुवात ऑर्केस्ट्रातून झाली: गणपती, नवरात्र, लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम. नंतर अकरा वर्षं मुंबईतल्या हॉटेलांच्या लॉबीत संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा. मधल्या काळात इतरांच्या गाण्यांचं अरेंजिंग केलं, अजूनही करते. स्का वाजवला तो मित्रांच्या बँडमध्ये, हौसेने. त्यामुळे या अल्बमकडे मी समीक्षक म्हणून बघत नाही. ज्या वाद्यामुळे तुम्ही बिचकलात, त्याच जातीच्या वाद्यावर माझं घर चाललंय.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करते. तुम्हाला गाण्याकडून फक्त उड्या मारायला हव्या असतील तर हा अल्बम तुम्हाला कमीच पडणार, आणि त्यात काही गैर नाही. दुसरं म्हणजे, फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकत असाल तर हॉरेस पँटर यांचा बास तुमच्यापर्यंत पोचतच नाही, आणि बास गेला की दुसऱ्या बाजूवर खरोखरच फक्त गोड ऑर्गन उरतो. तिसरं, तुम्ही दोन्ही अल्बम पाठोपाठ लावताय. तिखट मिसळीनंतर लगेच दूधभात खाल्ला तर दूधभाताला चवच लागत नाही. मधे दोन दिवस जाऊ द्या.

आता रीत कोणती ते सांगते.

ठेका तुम्हाला माहीतच आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी: ‘एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि’ असं मोजा. गिटारचा किंवा पियानोचा तुटक फटका आकड्यांवर न पडता ‘आणि’वर पडतो. केरव्यासारख्या आठ मात्रा मोजल्या तर दोन, चार, सहा आणि आठवर. पाय जमिनीवर येतो तेव्हा वाद्य गप्प, पाय उचलला की वाद्य वाजतं. म्हणून अंग आपोआप वर उचललं जातं. १९५०च्या दशकाच्या शेवटी जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, हे घडलं, १९६६च्या सुमारास ते मंदावून रॉकस्टेडी झालं, आणि १९६८च्या आसपास रेगे.

पण त्या ठेक्यावर ते लोक काय वाजवत होते ते बघा. अमेरिकन रेडिओवर ऐकलेला रिदम अँड ब्लूज. जॅझ. क्युबाच्या चाली. सिनेमाची संगीतं. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ हा युद्धपट १९६१चा, त्याची धून दिमित्री टिओमकिन यांची. ‘स्कॅटलाइट्स’ या जमैकन बँडने ती उचलली आणि नाचायला लावली. या वादकांतले बरेच जण किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये कॅथलिक नन्सच्या देखरेखीखाली शिकले होते. कवायतीचं, चर्चचं, शास्त्रोक्त पाश्चात्त्य, सगळं नोटेशनवरून वाचू शकणारी ही मुलं. मला हे वाचताना नेहमी आमच्या पहिल्या ऑर्केस्ट्रातले ट्रम्पेटवाले अंकल आठवतात. गोव्याचे, लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत पाद्रीबाबांकडे सोल्फेज शिकलेले. नोटेशन एकदा नजरेखालून गेलं की वाजवायला तयार. त्यांना लावणीचा म्युझिक पीस द्या, कोंकणी मांडो द्या नाहीतर इंग्रजी वॉल्ट्झ द्या, ते कधी ‘हे आमचं नाही’ म्हणाले नाहीत. चाल कुठली आहे याला त्यांच्या लेखी महत्त्वच नव्हतं. तिला आपल्या श्वासात कसं बसवायचं, एवढंच ते बघायचे.

तर जमैकाची रीत ही: आजूबाजूला जे वाजतंय ते घ्यायचं, आणि आपल्या अंगाने फिरवायचं.

आता कॉव्हेंट्री. बँडचे संस्थापक आणि की-बोर्डवाले जेरी डॅमर्स यांचा जन्म १९५५चा, उटीचा, वडील धर्मोपदेशक. (त्यावरून या संगीतात भारत शोधायला जाऊ नका, ते फार लहानपणीच तिथून निघाले.) डॅमर्स आणि पँटर यांची भेट तुमच्याच विद्यापीठात झाली, तेव्हा त्याचं नाव लँचेस्टर पॉलिटेक्निक होतं आणि दोघेही तिथे कला शिकत होते. १९७७ साली जमलेल्या या बँडमध्ये लिनव्हल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल हे जमैकात जन्मलेले, बाकीचे गोरे. पंकचा वेग आणि स्काचा ठेका एकत्र करणं हा त्यांचा पहिला शोध. १९७९च्या ऑक्टोबरमध्ये गायक एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या देखरेखीखाली पहिला अल्बम आला आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. त्यांच्या ‘टू-टोन’ लेबलवरून ‘मॅडनेस’, ‘द सिलेक्टर’, ‘द बीट’ असे बँड पुढे आले. त्या लेबलची खूण असलेले काळे-पांढरे चौकोन सगळीकडे दिसू लागले.

हा पहिला अल्बम मला प्रिय आहे. पण वादकाच्या नजरेने बघा: त्यातली कितीतरी गाणी जमैकातल्या जुन्या गाण्यांवर उभी आहेत. ‘अ मेसेज टू यू, रूडी’ हे डँडी लिव्हिंग्स्टन यांचं १९६७चं गाणं. त्या मूळ ध्वनिमुद्रणातही ट्रॉम्बोन रिको रॉड्रिग्ज यांचा, आणि बारा वर्षांनी ‘स्पेशल्स’च्या गाण्यातही त्यांचाच. म्हणजे त्यांनी चालीसोबत माणूसही घेतला, केवढी आदराची गोष्ट ही! पण ही दुसऱ्यांनी रचलेली गाणी पुन्हा म्हणण्याची रीत झाली. किंग्स्टनच्या वादकांनी आपल्या भोवतालचं उचललं होतं, आणि या मुलांनी त्यांनी उचललेलं उचललं. १९७९ साली कॉव्हेंट्रीतल्या माणसाच्या कानावर दिवसभर काय पडत होतं, याचं उत्तर पहिल्या अल्बमच्या शब्दांत आहे, पण सुरावटीत फारसं नाही.

ते उत्तर डॅमर्स यांना पुढच्या काही महिन्यांत मिळालं. १९८०च्या सुरुवातीला बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. विमानतळ, हॉटेल, लिफ्ट, पुन्हा विमानतळ. या सगळ्या जागी एकच संगीत वाजत असतं, तिथलं आणि इंग्लंडातलंही तेच: गुळगुळीत, कोपरे घासून काढलेलं, कुणाचंच नसलेलं. वीस वर्षांपूर्वी किंग्स्टनला जसा अमेरिकन रेडिओ ऐकू येत होता, तसं १९८० साली इंग्लंडातल्या माणसाला हे ऐकू येत होतं. डॅमर्स यांनी तेच घेतलं. घरगुती यामाहा ऑर्गन आणला, ज्याच्यावर बटण दाबलं की ठेका आपोआप सुरू होतो. बर्ट बॅकरॅक, जॉन बॅरी या पॉप आणि सिनेमासंगीताच्या रचनाकारांच्या वळणाचे कॉर्ड घेतले. आणि डेव्ह जॉर्डन यांच्यासोबत निर्मिती स्वतःच्या हातात घेऊन कॉव्हेंट्रीच्याच होरायझन स्टुडिओत अल्बम केला.

माझ्या दृष्टीने ही अल्बमची किल्ली आहे, म्हणून इथे जरा थांबते.

लॉबीत वाजवायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतलं. मी एका जुन्या गाण्याचं दुसरं कडवं जरा जीव ओतून वाजवलं होतं आणि सोफ्यावरच्या दोन पाहुण्यांनी बोलणं थांबवून मान वळवली होती. ते मला शांतपणे म्हणाले, ‘छान वाजवता, पण पाहुण्यांचं लक्ष जाईल असं वाजवू नका.’ मी घरी येऊन रडले. नंतर ते तंत्र शिकले. आवाजात चढउतार ठेवायचा नाही. वरच्या सप्तकात फार वेळ राहायचं नाही, तो कानाला टोचतो. कॉर्ड मऊ ठेवायचे, मेजर सेव्हन्थ, नाइन्थ असे, की कुठेच काही पूर्ण होत नाही आणि कुठेच काही अडतही नाही. ठेका बॉसा नोव्हाचा, म्हणजे ब्राझीलचा मऊ ठेका, तोही ऑर्गनमधला, कारण माणूस वाजवायला बसला की कधी ना कधी त्याचा हात जड पडतो. या संगीताचं कामच हे असतं की खोलीतली शांतता भरून काढायची, पण कुणाला काही सांगायचं नाही. ते करायला कसब लागतं, मी ते कमी लेखत नाही. माझ्या मुलीचं शिक्षण त्यावर झालं.

आता या संगीतावर असे शब्द ठेवून बघा की जे ऐकल्यावर मान वळलीच पाहिजे. ‘मोअर स्पेशल्स’ची दुसरी बाजू म्हणजे हेच आहे.

‘स्टिरिओटाइप’ घ्या. खाली ऑर्गन आणि ठेका इतके सभ्य की हॉटेलात चालतील, वरचे ब्रास स्पॅनिश वळणाचे. आणि गोष्ट कुणाची, तर शनिवार-रविवार पीत सुटलेल्या एका तरुणाची, जी गाडी विजेच्या खांबावर आदळून संपते. गायक टेरी हॉल ती कशी सांगतात ऐका. आवाजात राग नाही, दया नाही, चढउतारसुद्धा नाही. एखाद्याने बातमी वाचावी तसं. हे सोपं नाही. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं होतं हा गायक कंटाळलाय. लॉबीतल्या कामानंतर कळलं की तो ‘कुणाचं लक्ष जाऊ नये’ या नियमाने गातोय, आणि नेमकं त्यामुळेच अंगावर काटा येतो. मग दुसरा भाग सुरू होतो, तळ मोकळा होतो, आणि नेव्हिल स्टेपल आपल्या जमैकन ढंगात त्यावर बोलू लागतात. दोन्ही भाग मिळून सात मिनिटांच्या वर. तुम्ही बहुधा चौथ्या मिनिटाला उठलात. एकदा शेवटपर्यंत बसा. ज्या मऊ संगीताला तुम्ही नावं ठेवलीत, त्याच्याच खाली डब (रेगेचं थर काढून मोकळं केलेलं, बास-ड्रमवर चालणारं रूप) दडलेला होता हे तिथे उघडं पडतं.

‘आय कान्ट स्टँड इट’मध्ये ‘बॉडीस्नॅचर्स’ या बँडच्या रोडा डकार या टेरी हॉल यांच्यासोबत गातात. यातला ऑर्गनचा ठेका मी विद्यार्थ्यांना मुद्दाम ऐकवते. नवरा-बायकोचं, किंवा तशाच दोघांचं, एकमेकांना सहन न होणं, आणि खाली यंत्र न थकता, न चिडता तेच ते वाजवत राहतं. जिवंत ढोलकीवाला असता तर भांडण वाढलं की त्याचाही हात वाढला असता. यंत्राचा वाढत नाही. त्या घरात कुणाचंच कुणाला काही वाटत नाही, हे शब्दांपेक्षा तो ठेका जास्त सांगतो. जॉन ब्रॅडबरी यांच्यासारखा जबरदस्त ड्रमर बँडमध्ये असताना हे केलंय, हे विसरू नका. हाताशी माणूस नव्हता म्हणून बटण दाबलं, असं नाही.

मग ‘इंटरनॅशनल जेट सेट’. विमानतळ, हॉटेल, कामानिमित्त फिरणारे लोक, आणि त्या सगळ्याने कोंडलेला एक माणूस. शेवटी कप्तानाची धीर देणारी घोषणा, आणि त्या धीराखालीच संकट. हॉटेलचं संगीत आता खुद्द हॉटेलच्याच गोष्टीला लावलंय. इथे मात्र माझी एक तक्रार आहे: गाण्यातलं वातावरण इतकं दाट आहे की बास आणि ब्रास यांना श्वास घ्यायला जागा कमी उरली, असं मला अरेंजर म्हणून वाटतं. मी असते तर मधला एखादा थर काढला असता. ‘हॉलिडे फोर्टनाइट’ त्यामानाने हलकं, सहलीचं चित्र. त्यावर मी फार वेळ घालवणार नाही.

पहिल्या बाजूबद्दल तुम्ही तक्रार केली नाहीत, कारण तिथे तुमच्या ओळखीचं बरंच आहे. पण तिची सुरुवात लक्षात घ्या. ‘एन्जॉय युअरसेल्फ’ हे १९४९चं अमेरिकन गाणं, मजा करून घ्या, वेळ थोडा उरलाय असं सांगणारं. पुढे ते जमैकात प्रिन्स बस्टर यांनी घेतलं, आणि तिथून ‘स्पेशल्स’ने. अमेरिका, किंग्स्टन, कॉव्हेंट्री, एकाच गाण्याच्या तीन वस्त्या. पहिल्या बाजूला ते नाचरं आहे, आणि लगेच मागे येतं ‘मॅन ॲट सी अँड ए’, अणुयुद्धाच्या इशाऱ्याने सुरू होणारं. सी अँड ए म्हणजे मध्यमवर्गीयांच्या परवडणाऱ्या कपड्यांची दुकानं. त्यातला सदरा घातलेला साधा माणूस, ज्याला कुणी काही विचारत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटिश सरकारने अणुहल्ला झाला तर घरात काय करावं याची पुस्तिका विक्रीला काढली होती. म्हणजे ‘वेळ थोडा उरलाय’ हे वाक्य त्या वर्षी पार्टीपुरतं राहिलं नव्हतं. अल्बमच्या अगदी शेवटी तेच गाणं परत येतं, मंद, सुस्त, आणि मागे अमेरिकेतल्या ‘गो-गोज’ या बँडच्या मुलींचे आवाज. आपण मैफलीत एखादी बंदिश मध्यलयीत ऐकावी आणि तीच शेवटी विलंबितात परत यावी, तेव्हा त्याच शब्दांना दुसरं वजन येतं ना, तसं. हे पुनरागमन ऐकल्याशिवाय पहिलं गाणं पुरतं ऐकलं असं होत नाही.

तुम्ही गिटारवाले आहात, म्हणून तुमचा एक आक्षेप वेगळा घेते: ‘गिटार कुठे गेली?’ थोडी गेलीच आहे, हे खरं. ऑर्गनने मधलं सप्तक व्यापलं की गिटारला जागा उरत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रातही दोन की-बोर्ड आल्यावर गिटारवाल्यांचं काम निम्मं झालं होतं, आणि त्यांचं दुखणं मी जवळून पाहिलंय. ‘स्पेशल्स’मध्येही हे दुखणं होतं. लीड गिटारवाले रॉडी बायर्स यांचा जीव रॉकाबिलीत, म्हणजे जुन्या गिटारप्रधान रॉक अँड रोलमध्ये, त्यांना ही दिशा पटली नव्हती. त्यांचं ‘हे, लिटल रिच गर्ल’ पहिल्या बाजूला आहे, त्यात ‘मॅडनेस’च्या ली थॉम्पसन यांचा सॅक्सोफोन आहे, आणि ते मनापासून वाजवलेलं गाणं आहे. पण तुमच्या अभ्यासासाठी मी गोल्डिंग यांचं ‘डू नथिंग’ सुचवेन. त्यात गिटारचा फटका किती कमी आणि किती मोजून आहे बघा. पहिल्या अल्बममध्ये तुम्ही ‘आणि’ भरायला शिकलात. इथे ‘आणि’ मोकळा सोडायला शिका. रोज त्याच रस्त्याने, काही घडेल या आशेविना चालणाऱ्या मुलाचं हे गाणं आहे. ऑगस्ट १९८०मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या वीस लाखांच्या वर गेली. तुमच्या शहराच्या पश्चिमेला कॅनलीत ट्रायम्फच्या मोटारी जुळवण्याचं काम त्याच वर्षी बंद पडलं. अल्बम लगेच त्यानंतरचा. इतक्या लोकांना एकदम रिकामा वेळ मिळाल्यावर त्या वेळाचा आवाज कसा असेल? पंकसारखा धावता नक्कीच नसेल. माझ्या मते बँडने लय खाली आणली त्यामागे हे मोठं कारण आहे.

आता तुमच्या घरमालकांचं म्हणणं. ‘खरा अल्बम’ असं मी म्हणणार नाही. दोन्ही खरेच आहेत. त्या वेळीही सगळ्यांना तो रुचला नव्हता, तरी पाचव्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे श्रोते पळून गेले असंही नाही. पण याच्याशिवाय पुढचं गाणं झालं नसतं, हे मी ठामपणे म्हणेन. १९८१च्या जूनमध्ये ‘घोस्ट टाउन’ आलं. कॉव्हेंट्रीजवळच्या लेमिंग्टनच्या एका छोट्या आठ ट्रॅकच्या स्टुडिओत केलेलं. त्यातला ऑर्गन, ते अस्वस्थ करणारे कॉर्ड, रिको आणि डिक कथेल यांचे ब्रास, रिकाम्या शहराची गोष्ट: यातलं काहीही पहिल्या अल्बममधून थेट येत नाही. ते सगळं या दुसऱ्या बाजूवर घडवलं गेलं. ब्रिटनच्या शहरांत दंगली पेटल्या असताना, जुलैमध्ये, ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मी विद्यार्थ्यांना सांगते, आधी ‘घोस्ट टाउन’ ऐका आणि मग मागे ‘इंटरनॅशनल जेट सेट’कडे या. असं उलट आलं की दुसऱ्या बाजूची भीती जाते. तुम्हीही हेच करून बघा.

किंमतही मोजावी लागली. ‘घोस्ट टाउन’ पहिल्या क्रमांकावर असतानाच हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग बँड सोडून निघाले आणि ‘फन बॉय थ्री’ काढला. याला एकच कारण नव्हतं: सततचे दौरे, कार्यक्रमांतली मारामारी, पैसे, थकवा. पण एका माणसाच्या कानात पूर्ण घडलेलं संगीत सात जणांनी वाजवायचं, यात ताण येतोच. मी अरेंजर म्हणून खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बसलेय. डोक्यात सगळे भाग तयार असले की समोरच्या वादकाला ‘तू काय वाजवशील?’ असं विचारायचं राहून जातं. एका बासवाल्या मित्राशी माझं अशानेच चार वर्षं बोलणं बंद होतं, आणि चूक माझी होती.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यावर अवलंबून आहे की तुमच्या बँडमध्ये बदल कुणाला हवाय. एकालाच हवा असेल तर आधी दोन गाण्यांवर करून बघा, आठ गाण्यांवर नको, आणि प्रत्येकाला स्वतःचं एक गाणं आणू द्या. ‘मोअर स्पेशल्स’मध्येही बायर्स यांचं गाणं आहे, गोल्डिंग यांचं आहे, आणि मला वाटतं अल्बम तरला तो त्यामुळेसुद्धा. दुसरं, वेगळेपणासाठी दूरचं काहीतरी आणू नका. बँडमधल्या प्रत्येकाने आठवडाभर वही ठेवा आणि नकळत कानावर काय पडतं ते लिहा. सुपरमार्केटमध्ये काय वाजतं, फोनवर ताटकळत ठेवतात तेव्हा काय वाजतं, गावाकडून आईचा फोन आला की मागे टीव्हीवर कुठल्या मालिकेचं शीर्षकगीत चालू असतं. तुमच्यात पुण्याचा एक आणि जमशेदपूरचा एक आहे म्हणालात, त्या दोघांच्या वह्या वेगळ्या निघतील. त्यातलं एक उचला, ज्याचा तुम्हाला थोडा कंटाळाही येतो असं. त्यावर काय शब्द ठेवले तर माणूस मान वळवेल, ते शोधा.

ठेक्याबद्दल एक बारीक सूचना. ऑर्गनचा किंवा लॅपटॉपचा तयार ठेका वापरलात तर ड्रमरला बाहेर बसवू नका. ठेका चालू ठेवून त्याला फक्त रिमवर किंवा हाय-हॅटवर तीन-चार जागा द्या, त्याही त्याने निवडलेल्या. यंत्र आणि माणूस शेजारी ठेवले की यंत्राचं यंत्रपण ऐकू येतं. नुसतं यंत्र ठेवलं तर पाच मिनिटांत कान त्याला विसरतो, आणि मग ते खरंच लिफ्टमधलं संगीत होतं.

ऐकण्याचा क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी ‘घोस्ट टाउन’. दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू सलग, बरे हेडफोन लावून, शेवटच्या मंद ‘एन्जॉय युअरसेल्फ’पर्यंत, मधे फोन न बघता. तिसऱ्या दिवशी पहिली बाजू, आणि या वेळी गिटारऐवजी बासच्या मागे चाला. जमलं तर दुसरी बाजू संध्याकाळच्या बसमध्ये कॅनलीच्या दिशेने जाताना ऐका. वॉल्सग्रेव्ह रोडवर शहराच्या संगीताचं संग्रहालय आहे, ‘टू-टोन’चा सगळा संसार तिथे मांडलेला आहे, तेही एका रविवारी करा. आणि तुमच्या घरमालकांना एक विचारा, १९८० साली ते कुठे कामाला होते. मग मला लिहा की दुसऱ्या बाजूवरचं कुठलं गाणं आधी डोक्यात अडकलं. माझा अंदाज ‘आय कान्ट स्टँड इट’ आहे.